कसबा उंबऱ्याची काहील

मी लोखंडाची काहील आहे. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या भल्यामोठ्या पसरट कढईत आटवतात, ती मी. आमच्या भागात मला काईल म्हणतात. सध्या मी कसबा उंबरे गावच्या ग्रामपंचायतीमागे बाभळीखाली पालथी पडले आहे. मित्रांनो, शाळेत जाताना तुम्ही तुमच्या सायकली माझ्याच अंगाला टेकवून ठेवता. म्हणून वाटलं, माझी हकिगत निदान तुम्हाला तरी सांगावी. ती ऐकून तुम्हाला आनंद होणार नाही. पण ती माझ्या एकटीची नाही, या गावाची आहे, आणि ती सांगू शकणारी माणसं आता गावात फारशी राहिलेली नाहीत.

आज गावाच्या चारी बाजूंना तुम्हाला ऊसच ऊस दिसतो. माझा जन्म झाला तेव्हा तसं नव्हतं. कृष्णेच्या काठाला वांगी आणि मिरची होती, वरच्या रानात शाळू आणि भुईमूग. ऊस होता तो विहिरीच्या पाण्यावर, दहा-वीस गुंठ्यांचा. मग शेतकऱ्यांनी एकत्र येऊन नदीवर मोटरी बसवल्या, पाणी माळापर्यंत चढलं आणि गाव बघता बघता हिरवंगार झालं. ऊस वाढला तशी गुऱ्हाळं वाढली. त्या वर्षी बाळासो मालकांनी आपल्या रानात गुऱ्हाळ घालायचं ठरवलं आणि बाजारपेठेच्या टोकाला राहणाऱ्या नबीलालकडे काहिलीचं काम दिलं.

नबीलाल लोहारकाम करायचा. त्याची बायको जुलेखा भाता ओढायची आणि तो तापून लाल झालेले रिबिट ठोकून माझे पत्रे एकमेकांना जोडायचा. रिबिट म्हणजे बिनआट्याचे जाड लोखंडी खिळे. असे शेकडो रिबिट माझ्या अंगावर आहेत. सतरा दिवस तो माझ्याभोवती ओणवा होता. काम संपल्यावर त्याने मला विटांवर ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि दिवसभर माझ्याखाली सरपटत राहिला. एका रिबिटाच्या कडेला पाण्याचा मोत्याएवढा थेंब दिसला. बाळासो मालक बैलगाडी घेऊन आले होते. ते म्हणाले, "एक थेंब तर हाय, नबीभाई. रस आटला की आपसूक बुजंल की."

"न्हाय मालक," नबीलाल म्हणाला. "आज थेंब हाय, उद्या धार लागंल. काईल घाम दावती तवर ती माझ्याच दारात ऱ्हाणार."

त्याने तो रिबिट काढला आणि नवा बसवला. मालकांना गाडी रिकामी परत न्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा माझा तळ कोरडा होता. जुलेखाभाभींनी मला निरोप देताना माझ्या काठावर हात ठेवला. हळदीकुंकू लावून घेऊन मी गुऱ्हाळावर गेले.

तिथे मला ज्ञानू भेटला. तो मूळचा चंदगडकडचा, डोंगरातला. गूळ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गूळ करणाऱ्याला गुळव्या म्हणतात. हंगामापुरता आलेला ज्ञानू गावातल्या बनाबाईशी लग्न करून इथेच राहिला. खाली चुलवाणात उसाची चिपाडं धडधडत असायची आणि वर माझ्यात रस उसळ्या मारत असायचा. ज्ञानू त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचा. त्याने वर आलेली मळी काढून टाकली की रस निवळशंख व्हायचा. मग तो काठीच्या टोकावर थोडा पाक घेऊन गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी करायचा आणि ताटलीवर टाकायचा. टण् असा आवाज आला की ओरडायचा, "उतरा!" आठ माणसं मला कलती करायची आणि सोन्यासारखा तपकिरी गूळ वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, पसरायचा.

मित्रांनो, त्या वेळी गावाभोवती अकरा गुऱ्हाळं होती. दिवाळी झाली की गावाला गुळाचा वास यायचा. एस्टी गावच्या फाट्यावर थांबली की आतले पावणे खिडकीतून विचारायचे, "आलं काय उंबरं?" मंगळवारचा बाजार देवळापासून नदीच्या वाटेपर्यंत भरायचा. शाळा सुटली की मुलं डबे घेऊन गुऱ्हाळावर यायची, काकवी मागायची. ज्ञानू कुणालाच नाही म्हणायचा नाही. बनाबाई ओरडायची, "आवो, समदी वाटून टाकशिला, मग गूळ कशाचा करणार?" आणि स्वतःच प्रत्येकाच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवायची. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार.

तसं चाललं नाही. तालुक्यात साखर कारखाना झाला. कारखान्याची माणसं ऊस तोडून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून घेऊन जाऊ लागली. शेतकऱ्याला कसला त्रास नाही. हळूहळू भुईमूग गेला, शाळू गेला, काठावरची वांगीही गेली. सगळ्या रानात एकच पीक आणि त्याला बारा महिने पाणी. पाणी जास्त झालं की जमीन आजारी पडते. पहिल्यांदा बाळासो मालकांच्या खालच्या रानात पांढरी बुकणी दिसली. ते वाकून बघत राहिले. त्यांनी ती चिमटीत धरली, जिभेला लावली आणि थुंकले. "रानाला मीठ फुटलं," एवढंच म्हणाले. त्या पट्ट्यात पुढे ऊस तर राहोच, गवतसुद्धा आलं नाही. थोड्याच वर्षांत मालक गेले आणि गुऱ्हाळ त्यांच्या मुलाकडे, उदयसिंहकडे आलं.

उदयसिंह वाईट नव्हता. पण त्याला घाई होती. बाजारात लोकांना पिवळाधमक गूळ हवा होता. एके दिवशी तो पांढऱ्या पावडरीची पिशवी घेऊन आला.

"मामा, आधणाला एवढी मूठभर टाकायची. रंग बघा कसा येतो."

ज्ञानूने पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि खाली ठेवली. "ही पावडर खाऊन माणसाचं काय हुतंय, म्हाईत हाय तुला?"

"सगळेच टाकत्यात की. आपला काळा गूळ बघून व्यापारी तोंड फिरवतोय. गूळ घेऊन मी दारात बसू काय?"

"हितनं पोरं गूळ खात जात्यात, उदयसिंह. त्यांच्या हातावर मी ह्ये ठेवणार न्हाय."

"मग काईल दुसऱ्याकडं द्यावी लागंल."

"दे की," ज्ञानू म्हणाला. त्याने हात धुतले, माझ्या काठावर ठेवलेलं आपलं उपरणं उचललं आणि तो चालू लागला. मी हाक मारू शकत नव्हते.

त्यानंतर दुसऱ्या गुळव्याने दोन हंगाम माझ्यात पिवळा गूळ केला. माझ्या तळाला कसली तरी आग व्हायची. पण पिवळा गूळही सगळेच करू लागले आणि उसालाही आता कारखान्याकडेच जायचं होतं. एका फाल्गुनात चुलवाण विझलं ते पुन्हा पेटलं नाही. गावातली दहा गुऱ्हाळं आधीच बंद पडली होती. आमचं अकरावं. मला खोपीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळे विसरले. गावाचा गुळाचा वास कधी गेला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग दोन हजार पाचचा पूर आला. कृष्णा पात्र सोडून बाजारपेठेत शिरली. खालच्या गल्लीतली माणसं माळ्यांवर आणि पत्र्यांवर जाऊन बसली. गावात होडी नव्हती. म्हातारा नबीलाल देवळाच्या पायरीवर उभा होता. तो एकदम म्हणाला, "आरं, उदयसिंहाच्या खोपीत काईल हाय न्हवं? माझ्या हातची हाय. बुडायची न्हाय."

काहील पाण्यावर तरंगते. आमच्या भागात पुराच्या वेळी काहिलीत बसवून माणसं बाहेर काढतात. नबीलालचा मुलगा अझीम आणि ज्ञानू मला ओढत घेऊन आले. अझीम वेल्डिंगचं काम करायचा आणि पट्टीचा पोहणारा होता. त्याने माझ्या कडेला ट्यूब बांधल्या, ज्ञानूने बांबू घेतला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आगीवरून पाण्यात उतरले. तीन दिवस आम्ही फेऱ्या मारल्या. लेकुरवाळ्या बाया, दम्याचे म्हातारे, शेरडं, एक नऊ महिन्यांची पोटुशी बाई. सगळ्यांना मी कोरड्या जमिनीवर नेलं. एकाचाही पाय ओला झाला नाही. त्या तीन दिवसांत ज्ञानूला आणि मला पुन्हा एकत्र काम मिळालं होतं. मित्रांनो, खरं सांगते, इतकी सुखी मी कधीच नव्हते.

पूर ओसरल्यावर माझा सत्कार झाला. मला हार घातला, नारळ फोडला. तेव्हाचे सरपंच भाषणात म्हणाले, "ही आता एकट्याची काईल न्हाय, गावाची हाय. गाव तिला जपंल." टाळ्या झाल्या. उदयसिंहने मला गावाला देऊन टाकलं. मला ग्रामपंचायतीच्या अंगणात ठेवलं, चंदेरी रंग दिला आणि त्यावर तांबड्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलं.

नबीलाल जिवंत होता तोवर दर वैशाखात काठी टेकत यायचा. दोन माणसांना हाताशी धरून मला उलटी-सुलटी करायचा, पाणी भरायचा आणि खाली वाकून घाम बघायचा. कुठे दिसला तर अझीमकडून दुरुस्त करून घ्यायचा. ग्रामपंचायतीची माणसं दर पंधरा ऑगस्टला मला नवा रंग लावायची. नबीलाल चिडायचा. "रंग कशाला लावतायसा? खालचा गंज झाकाय? रिबिट बघा की रिबिट." लोक हसायचे. म्हाताऱ्याला दुसरं काम नाही, असं म्हणायचे.

नबीलाल गेला. अझीम कामासाठी शहरातल्या कारखान्यात गेला आणि तिकडेच घर करून राहिला. रंग मात्र दर वर्षी लागत राहिला. गंजावर रंग, त्या रंगावर पुन्हा गंज, त्यावर पुन्हा रंग. पावसाचं पाणी माझ्यात महिनोन् महिने साचायचं. माझा तळ पापडासारखा झाला होता. बाहेरून मी चकचकीत होते. लग्नाला आलेले पावणे माझ्यापाशी उभं राहून फोटो काढायचे. मी आतून सडते आहे, हे मला कळत होतं. सांगणार कुणाला?

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात नदी पुन्हा आली. या वेळी ती मागच्यापेक्षा चार हात वर आली. बाहेरून बोटी निघाल्या आहेत, असं फोनवर कळत होतं, पण त्या पोहोचत नव्हत्या. खालच्या गल्लीत एका स्लॅबवर वीस-बावीस माणसं अडकली होती. त्यात बनाबाई होती. आदल्या दिवशी तिथल्या एका बाळंतिणीला सोबत म्हणून गेली आणि तिथेच अडकली. सकाळी उदयसिंह आणि आठ-दहा जण मला ओढायला आले. ज्ञानूही आला. तो आता पंचाहत्तरीचा होता. त्याने मुठीने माझ्या तळावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं.

"आवाज बद्द येतोय," तो म्हणाला. "हिला पाण्यात घालू नगासा."

"मामा, पाणी चढाय लागलंय," उदयसिंह म्हणाला. "मागच्या पुरात हिनंच वाचवलं न्हवं? आन् दुसरं हाय काय आपल्याकडं? तुमीच सांगा."

ज्ञानूने भोवती बघितलं. दुसरं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "मग बांबू माझ्याकडं द्या. तिची खोड मला म्हाईत हाय."

त्याच्याबरोबर उदयसिंह आणि आणखी दोघे माझ्यात चढले. पहिल्या फेरीत बाळंतीण, तिचं बाळ आणि चार मुलं आली. ज्ञानूने बनाबाईला हात केला. ती स्लॅबच्या कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "पोरास्नी आदी न्या. मला काय धाड भरल्या?" दुसऱ्या फेरीला मला घाम फुटला. एक थेंब, मग दहा, मग धार. माणसं डब्यांनी पाणी उपसत होती. बनाबाई तेव्हाही आली नाही. एका आजाऱ्याला पुढे केलं. तिसऱ्या फेरीला ज्ञानू ओरडला, "आता बसतीस का न्हाय?" तेव्हा ती पदर खोचून उतरली. तिच्याबरोबर आणखी सहा जण होते.

बाजारपेठेच्या वळणावर ओढ फार होती. तिथे माझ्या तळाचा सांधा उसवला. मोठा आवाज झाला नाही. कापड फाटावं तसं काहीतरी झालं आणि एकदम पाणी आत आलं. मी सगळा जोर लावला, मित्रांनो. पण लोखंडाला जोर कुठून लावता येतो? उदयसिंह आणि त्या दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या, केसांना धरून, हाताला धरून सहा जणांना दिव्याच्या खांबापाशी ओढलं. ज्ञानूलाही ओढलं. तो सारखा मागे वळत होता. "बना! आगं बना!" त्याच्या तोंडात पाणी जात होतं तरी तो हाक मारायचा थांबत नव्हता. बाहेरच्या बोटी दुपारी आल्या. बनाबाई पाचव्या दिवशी सापडली, पाणी उतरल्यावर, चार किलोमीटर खाली उसात.

मला बाजारपेठेच्या चिखलातून काढून इथे आणून टाकलं. तेराव्यानंतर ज्ञानू आला. माझ्यापाशी बसला. उसवलेल्या सांध्यात त्याने बोट घातलं. दोन पेरांपर्यंत बोट आत गेलं. मग त्याने नखाने माझ्यावरचा चंदेरी रंग खरवडला. रंगाच्या पापुद्र्याबरोबर लोखंडाचाही पापुद्रा निघाला. त्याने तो उजेडात धरून बघितला. मी वाट पाहत होते, त्याने मला शिव्या द्याव्यात. तो उठला, पापुद्रा खाली ठेवला आणि गेला. त्याच आठवड्यात तो चंदगडला भावाकडे निघून गेला. पुन्हा आला नाही. तिकडेच वारला, असं मागच्या वर्षी कुणीतरी बोलताना ऐकलं.

त्यानंतर गावही उठलं. ज्यांना जमलं त्यांनी माळावर नव्या वसाहतीत घरं बांधली. खालच्या गल्लीत आता दारं नसलेल्या भिंती आहेत. मंगळवारचा बाजार चार-पाच बायकांचा झाला आहे, त्याही दुपारपर्यंत उठून जातात. मीठ फुटलेली रानं वाढत बाजारपेठेच्या मागपर्यंत आली आहेत. उदयसिंह कधी कधी इथून जातो. माझ्या बाजूला बघत नाही.

पुराच्या दुसऱ्या वर्षी गावाला नवी बोट मिळाली. नारिंगी रंगाची, इंजिनाची. सरपंच संयोगिताताईंनी तिला हार घातला, नारळ फोडला. भाषण झालं, "गाव हिला जपंल," आणि टाळ्या झाल्या. मी बाभळीखालून ऐकत होते. पुढच्या वर्षी थोडं पाणी आलं तेव्हा तिने चांगलं काम केलं. मग तिला माझ्या शेजारच्या शेडमध्ये आणून ठेवलं आणि वरून ताडपत्री टाकली. ती ताडपत्री त्यानंतर कुणी उचललेली नाही.

मी तिच्या शेजारीच आहे, म्हणून मला ऐकू येतं. उंदीर तिची रबरी नळी कुरतडत आहेत. तिला बांधायचा दोर कुजला आहे. गेल्या महिन्यात इथल्याच अंगणात ग्रामसभा झाली. नबीलालची नात शिफा शहरातून सुट्टीला आली होती, तीही बसली होती. तिने उभं राहून विचारलं, "बोटीचं इंजिन शेवटचं कधी चालू करून बघितलं?"

कुणालाच आठवेना. किल्ली कुणाकडे आहे, यावर थोडा वेळ बोलणं झालं. एक जण म्हणाला, "आगं, अजून ऊन तापतंय. पूर आल्यावर बघू की."

सगळे हसले. शिफा हसली नाही. "माझा आजा असता तर आज हितनं उठला नसता," ती म्हणाली. पुढचा विषय निघाला. दोन दिवसांनी ती परत गेली.

मित्रांनो, मला आता कुणी दुरुस्त करू शकत नाही. माझा तळ उरलेला नाही. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला आहे आणि तो तिसऱ्यांदा येईल तेव्हा मी जाईन. त्याचं मला काही नाही. मी तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागत नाही. मोठ्या माणसांना मी सांगून थकले, त्यांना लोखंडाचं बोलणं ऐकू येत नाही. पण सायकल घ्यायला तुम्ही रोज इथे येता. एकदा शेडमध्ये जा. चौघं मिळून ती ताडपत्री उचला. नळीवरून हात फिरवा, दोर ओढून बघा आणि किल्ली कुणाकडे आहे ते घरोघरी जाऊन विचारा. तुम्हाला हसतील. हसू द्या. ती बोट अजून नवी आहे, तिला सांगता येत नाही. आणि नदीला यायला आता दीड महिनाच उरला आहे.